मोहाच्या पाण्यातील विद्या

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काही पांढरे उंदीर विद्यार्जन करीत होते. संशोधक संघप्रिया त्यांना लाकडी चक्रव्यूहाची वाट शिकवी. बिनचूक बाहेर पडणाऱ्यास भाजलेला चणा मिळे. वाट पक्की झाली की अर्ध्या उंदरांना मद्य पाजायचे आणि त्यांना तिचे विस्मरण होते हे सिद्ध करायचे, असा तिचा संकल्प होता. मार्गदर्शिका साधनाबाई परीक्षेस जातीने येणार होत्या. प्रयोग फसल्यास विषयच रद्द करावा लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगून ठेवले होते.

परीक्षेत विपरीत घडले. मद्य घेतलेले उंदीर किंचित डुलत, पण एकही वळण न चुकता बाहेर आले. केवळ पाणी प्यालेले सज्जन कोपऱ्याकोपऱ्यांत नाक घाशीत राहिले. एकाने तर तेथेच निद्रेचा स्वीकार केला.

साधनाबाईंनी चष्मा पुसला. "संघप्रिया, हा निष्कर्ष वसतिगृहातली मुलं डोक्यावर घेतील."

इतक्यात उंदरांना रोज दाणापाणी घालणारे श्रीहरीभाऊ पुतणीचे लग्न आटोपून परतले. कोपऱ्यातले झाकलेले मडके जसेच्या तसे पाहून ते म्हणाले, "आज यायले मोहफुलं कोनी चारली नाई का?"

मग सारा उलगडा झाला. शिकायला जाणारा जीव उपाशी जाऊ नये, म्हणून भाऊ प्रत्येक पाठाआधी उंदरांना घरची वाळलेली मोहफुले देत. फुले कडक, म्हणून ती मडक्यात भिजवीत, आणि त्याच आंबत चाललेल्या पाण्यात नव्या फुलांची भर घालीत. प्रयोगशाळेतल्या वासाचा आळ मात्र मद्याच्या बाटलीवर येई.

"भाऊ, हा त मोहसडवा झाला, दारूच की," संघप्रिया हताशपणे म्हणाली.

"मी त लेकरायवानी खाऊ घालून राह्यलो होतो, मॅडम."

क्षणभर तिला वाटले, मडके मागच्या दाराने न्यावे आणि उंदरांनाच मंदबुद्धी ठरवावे. मग तिने मडक्याचे झाकण काढून ते साधनाबाईंसमोर ठेवले व घडले ते सांगितले.

साधनाबाई हुंगून मागे सरल्या, आणि हसल्या. "नशेत शिकलेलं नशेतच आठवलं. मग हाच विषय घे. मात्र पाठ पहिल्यापासून, आणि मडकं बाहेर."

श्रीहरीभाऊंना उंदरांची काळजी लागली. एवढं शिकलेलं वाया गेलं का, असे त्यांनी विचारले.

"वाया नाई, भाऊ," संघप्रिया झोपलेल्या उंदराला उचलीत म्हणाली. "शुद्धीवर आले का पहिल्या वर्गात बसवाचं."