चार बोटं कापायची होती

मित्रांनो, मोटारसायकलच्या मागच्या चाकाशेजारी जी काळी, चकचकीत नळी दिसते ना, तो मी. मी एक जुना सायलेन्सर आहे. लोखंडाचा नाही, कार्बन फायबरचा. एके काळी मी चांगला हातभर लांब होतो. आता सव्वा वीत उरलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली एक बाई काळं विणलेलं कापड साच्यावर गुंडाळायची, राळ चोपडायची आणि भट्टीत भाजायची. भाजून झाल्यावर तिने मला टिचकी मारून पाहिलं आणि "हा ठणठणीत आहे," म्हणून बाजूला ठेवलं. मग माझ्या पोटात भोकाभोकांची नळी बसवली, तिच्याभोवती काचेचा कापूस भरला आणि टोकाला रिव्हेट मारून टोपण बसवलं. इंजिनाचा आरडाओरडा त्या कापसात जिरवायचा आणि बाहेर मवाळ आवाज सोडायचा, हे माझं काम.

पहिल्या मालकाने मला पुसलं, मिरवलं, आणि एका खडीच्या वळणावर गाडीसकट आडवं केलं. टोकाकडची चार बोटं पार पिंजली. पुढची दोन वर्षं मी एका गॅरेजच्या माळ्यावर धूळ खात पडलो.

तिथून मला एका मुलीने आणलं. आजारी माणसांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची तिची नोकरी होती. दिवसभर गाडीवरच असायची. तिचा सायलेन्सर गंजून फुटायला आला होता. गॅरेजवाला म्हणाला, "याचा पिंजलेला भाग कापला की झालं. पण असलं नाजूक काम आम्ही नाही करत."

तिचे बाबा टर्नर होते, नुकतेच निवृत्त झालेले. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्यांनी मला हातात घेऊन फिरवलं. "चार बोटं कापायची. घरीच होईल. मी करतो."

"कधी, बाबा?"

"उद्या."

मला मागच्या खोलीतल्या बाकावर ठेवलं. तो उद्या काही उजाडेना. पण बाबा स्वस्थ बसले नव्हते, हे मी पाहत होतो. लेक कामाला गेली की दुपारी ते खोलीत यायचे. पाण्याच्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा शिकंज्यात धरायचे, कागदी चिकटपट्टी गुंडाळून रेघ आखायचे आणि करवत उचलायचे. तेव्हा त्यांचा उजवा हात कापायचा. पातं रेघेवर टेकेपर्यंत थरथरत राहायचं. पहिली कडी निघाली ती उंदराने कुरतडल्यासारखी. बाबांनी ती बराच वेळ पाहिली आणि एका डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुसरी कडी. मग तिसरी.

एकदा आई दारात येऊन उभी राहिली. "तिला एकदा सांगून टाका ना."

"काय सांगू? चाळीस वर्षं केसाच्या मापाने लोखंड कापलं, आणि आता नळी कापता येत नाही म्हणून? थोडे दिवस थांब. हात वळणावर येतोय. आणि तू काही बोलू नकोस."

हात खरंच वळणावर येत होता. एकोणिसावी कडी त्यांनी बाकावर उभी केली. ती डुगडुगली नाही. बाबा स्वतःशीच हसले आणि आईला म्हणाले, "उद्या रविवार आहे, ती घरी असेल. तिच्यासमोरच कापतो." मग बारीक दात्यांचं नवं पातं आणायला ते बाजारात गेले.

नेमकी त्याच दिवशी लेक लवकर घरी आली. जुना सायलेन्सर भर रस्त्यात फुटला होता, पोलिसाने थांबवून चारचौघांत सुनावलं होतं. ती तणतणत खोलीत आली, मी तसाच बाकावर. तिने भिंतीवरची मोठ्या दात्यांची करवत काढली, मला गुडघ्याखाली दाबलं आणि सरळ कापायला घेतलं.

मित्रांनो, माझं अंग धाग्यांचं आहे. मोठ्या दात्यांनी ते धागे उचकटले. काप तिरका गेला आणि चिरा आणखी चार बोटं आत धावल्या.

बाबा आले तेव्हा ती काळ्या भुकटीत बसली होती. ते एवढंच म्हणाले, "मी करतो म्हटलं होतं ना."

"तीन आठवडे झाले, बाबा. नुसतं उद्या, उद्या. तुमच्याकडून होणार नव्हतं तर तसं सांगायचं."

बाबांनी नव्या पात्याची पुडी बाकावर ठेवली आणि ते बाहेर गेले.

आईने तो डबा आणून लेकीपुढे उपडा केला. एकोणीस कड्या. "वर्ष झालं, त्यांचा हात कापतो. कोणाला सांगायचं नाही म्हणाले होते. हे तुझ्यासाठी चाललं होतं." लेकीने एकेक कडी उचलून ओळीने लावली. शेवटची लावताना तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी ती बाबांजवळ गेली. "चुकलं माझं."

"पातं चुकलं गं," बाबा म्हणाले. "उद्या नीट करू."

रविवारी तोंडाला फडकी बांधून दोघं बसली. बाबा सांगत होते, लेक कापत होती. पट्टी गुंडाळ, थोडं पाणी मार, करवत दाबू नकोस, नळी फिरवत राहा. काप सरळ आला. टोपण लावण्याआधी ती म्हणाली, "कडेवरून कानशीचा शेवटचा हात तुम्ही फिरवा."

"नको," बाबा म्हणाले. "हात चुकला तर आता आणखी कापायला जागा नाही."

पोटात कापूस कमी राहिला, त्यामुळे मी आता कर्कश ओरडतो. लेक गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करते आणि गाडी ढकलत आणते. मला स्वतःची लाज वाटते. पण खरं दुःख त्याचं नाही. त्या दिवसापासून बाबांनी "मी करतो" हे शब्द उच्चारले नाहीत. नळ गळायला लागला तर म्हणाले, "बोलवा कोणाला तरी." हत्यारांना तेल लावून त्यांनी ती फडक्यात बांधून ठेवली.

मित्रांनो, मला सगळं दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं. घरातलं कुणी "उद्या करतो" म्हणालं, तर करवत उचलण्याआधी त्यांच्याजवळ घटकाभर बसा. का उशीर होतोय, ते हळूच विचारा.

गेल्या आठवड्यात लेकीने बंद पडलेला टेबलफॅन त्या बाकावर आणून ठेवला. "बाबा, बघाल का?" म्हणाली. मी अंगणात उभा असतो, खिडकीतून मला बाक दिसतो. आज नववा दिवस आहे, पंखा तसाच पडून आहे. उकाड्याने घर हैराण आहे. लेक रोज त्या पंख्याजवळून जाते आणि त्याला हात लावत नाही.