निमियाचं बंद तोंड

दातांच्या डॉक्टरांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. माझी धाकटी बहीण निमिया चौदा वर्षांची असताना एका दीडशहाण्याने तिचा पुढचा दुधाचा दात उपटला. म्हणे, मागे पक्का दात अडकलाय, त्याला वाट करून देतो. दात फुटला का, म्हणून आई रोज सकाळी तिला दारात उजेडाला उभी करून, बोटाने ओठ वर सारून बघायची. आई गेली, निमिया एकतीसची झाली, दात काही आला नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचा तो दात कित्येकदा मुळात तयारच होत नाही, हे त्या मेल्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ती कोणापुढे तोंड उघडत नाही. मी ब्रश नेला की ओठ गच्च. आता हिरड्या सुजल्यात, उशीवर रक्ताचे डाग पडतात, खालचे दोन दात हलायला लागलेत. चिपा, ती चीज घातलेली आमच्याकडची कडक भाकरी, म्हणजे तिचा जीव की प्राण, पण महिना झाला, ती दुधात बुडवून चोखते. हे असंच चाललं तर वर्षभरात तोंडाचं बोळकं होणार, हे मला दिसत होतं. म्हणून आमच्या गावाहून, इताउगुआहून, पहाटेची बस धरून मी तिला राजधानीत, असुन्सियोनच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

बाकावर निमिया बसली तशी शेजारच्या बाईने आपली पोरगी पलीकडे ओढली. मी म्हटलं, हिचं काही लागत नाही हो, तुमचं मात्र लागेल तुमच्या लेकीला. बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. बरं झालं.

डॉक्टरीण लिदुविना माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. आधी तिने डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रावर निमियाच्या जबड्याचा फोटो काढला. दुसऱ्या बाजूचा दुधाचा दात अजून आहे, त्याच्याही मागे काही नाही, असं ती सांगत होती. मी मध्येच तोडलं.

"त्या दाताला हात लावलात तर याद राखा."

"काढते म्हटलं का मी? भांडायला आलात की दाखवायला?"

"तुमच्यासारख्यांकडे भांडल्याशिवाय दाखवता येत नाही."

तिने सरळ माझ्याकडे पाठ केली. निमियाच्या हातात छोटा आरसा दिला, स्वतःचा आ वासला आणि माझे दात मोज म्हणाली. निमियाने मोजले. सातानंतर नऊ, नवानंतर पुन्हा आठ. हसली. मग डॉक्टरणीने विचारलं, आता मी तुझे मोजू?

निमियाने तोंड उघडलं. सतरा वर्षांनी.

मला आनंद व्हायला हवा होता. पण डॉक्टरणीने ताटलीतून बारीक सळई उचलली. मला वाटलं, निमिया आता उसळणार, झटका देणार, कुठेतरी लागणार. दोन ढांगांत मी खुर्चीपाशी पोचले आणि तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

तोंड मिटलं. दातांवर दात आपटलेले ऐकू आले.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला, म्हणून डॉक्टरीण माझ्या अंगावर आली. मीही गप्प बसणारी नव्हे. तुमच्याच लोकांनी हिची ही गत केली, म्हणून मी तिचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात निमिया बोलली. माझ्याकडे न बघता, डॉक्टरणीला.

"ताईला बाहेर काढा. ती हात धरते."

दात उपटला त्या दिवशी तिचे हात मीच दाबून धरले होते. ताई सोड, ताई सोड, असं ती ओरडत होती, आणि मी डॉक्टरला म्हणत होते, उरका लवकर, मी धरलंय हिला. दात उपटणाऱ्याचा चेहराही तिला आठवत नाही. सतरा वर्षं मी त्याला शिव्या घालतेय, आणि तीच मी रोज रात्री ब्रश घेऊन तिच्यासमोर उभी राहत होते.

डॉक्टरणीने दाराकडे बोट केलं. मी मनगटं सोडली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. आतून लगेच निमियाचा लांबलचक 'आ' ऐकू आला.