तुळसाबाईचे खडे

धनज गावात रोज सकाळी जगदेव तांबटाचा हातोडा सुरू झाला, की थोड्याच वेळात त्याची बायको तुळसाबाई चुलीपुढून त्याला खडा मारी. खडा बरोबर पाठीत बसे. जगदेव मुकाट्यानं हातातली घागर जराशी फिरवी आणि पुढं ठोकू लागे. दोन खडे लागोपाठ आले, तर उठून घागर भट्टीत घाली.

"काय व तुळसे, नवऱ्याले खडे मारतं?" शेजारची प्रयागबाई विचारी.

"मंग काय फुलं वाहू? आयकते काय हा मानूस माह्यं?"

यात खोटं काहीच नव्हतं. तीस वर्षं तांबं बडवून जगदेवचे दोन्ही कान गेले होते. पत्रा पातळ झाला की ठोक्याचा आवाज बदलतो. तिथंच आणखी ठोकलं तर फाटतो. ठोकून कडक झाला तरी आवाज बदलतो, मग भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. आवाज तुळसा ऐके, हात जगदेवचा चाले, मधला निरोप खडा नेई. हे दोघांनाच ठाऊक. बहिऱ्या तांबटाच्या हाती तांबं कोण देणार? आधीच कारंजाच्या बाजारात जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, हलकी, गुळगुळीत भांडी येऊन बसली होती. कोणी बोललं, की जगदेव ओठांकडे पाही आणि कळलं नाही तर "व्हय" म्हणे. त्यामुळं गावात तो समजूतदार गणला जाई.

एकोणीसशे सत्तावन्नच्या चैतात जानराव पाटलानं आपल्या मेलेल्या आईचा फुटका हंडा आणला. "लेकीच्या लग्नाले याचीच घागर पाह्यजे. मायचा हात लागेल तांबं हाये, दुसरं चालत नाई."

हंडा वितळवून पत्रा झाला, पत्र्याची अर्धी घागर झाली, आणि तुळसाबाई पटकीनं दोन दिवसांत गेली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जानराव दारात. "दुख मोठं हाये, जगदेवभाऊ. पन लगन चार दिवसावर आलं."

"व्हय," जगदेव म्हणाला. या खेपेला त्याला खरंच कळलं होतं.

"भाऊजी, काई लागलं त सांगजा," शेजारून आलेली प्रयागबाई म्हणाली.

जगदेवनं तिच्याकडं पाहिलं. बाई, इथं बस अन् खडे मार, एवढंच सांगायचं होतं. पण जानराव तिथंच उभा होता.

"काई नाई लागत," तो म्हणाला.

पहिला दिवस बोटांनी जाडी चाचपत निभला. दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. दुपारकडं खणखणीत ठोका चिरका झाला. प्रयागबाईनं कानावर पदर ओढला. "असा कसा आवाज येऊन राह्यला?"

"रडून राह्यला तो," जानराव हळूच म्हणाला. "तोंडानं नाई, त हातोड्यानं. कोनी बोलू नका."

जगदेवनं दोनदा पाठ ताठ केली, जरासा थांबला, पुन्हा ठोकू लागला. मग हातोडा पत्र्यातून आरपार गेला.

जानराव आईच्या तांब्याकडं पाहत राहिला.

"तुमी सारे इथंच बसेल होते ना?" जगदेवनं विचारलं.

"व्हय," जानराव म्हणाला.

लग्नात कारंजाहून जर्मनची घागर आली. बायांनी तिलाच हळदकुंकू लावलं.

लग्नाच्या सकाळी जगदेव अंगणातले खडे वेचून फाटक्या घागरीत टाकत होता. दर खड्याला घागर खणकन वाजे आणि भिंतीपलीकडं प्रयागबाई दचके. जगदेव मान खाली घालून पुढचा खडा उचली.