फिरंगी पंतोजीची घोडी

मी साळुंकी बोलते आहे. भीमथडीची घोडी. अंगानं लहान, खुरांनी कणखर, खायला थोडं आणि चालायला अपार, अशी आमची जात. आज माझा एक डोळा गेला आहे आणि मागचा पाय ओढत चालावं लागतं. कान मात्र शाबूत आहेत, आणि त्या कानांनी जे ऐकलं ते मी विसरलेले नाही.

माझा जन्म भीमेच्या काठी एका शिलेदाराच्या दारात झाला. त्यानं मला तळहातावर दाणा चारला, पाठीवर पहिलं खोगीर चढवलं आणि माझ्याच पाठीवर तो मेला. पेंढाऱ्यांनी वाट अडवली, एकाचा भाला त्याच्या गळ्यातून आरपार गेला. तो लगेच पडलाही नाही. रिकिबीत पाय अडकलेला, तसाच माझ्या मानेवर कलंडून तो ओढ्यापर्यंत आला. त्याचं रक्त माझ्या मानेवरून वाहत होतं. ते फार ऊन होतं.

पेंढाऱ्यांनी मला मारून मारून दौडवलं आणि अखेर पुण्याच्या घोडेबाजारात आणून उभं केलं. गिऱ्हाइकं येत, दात बघत, पाठीवरचे चाबकाचे वळ बघत आणि पुढे जात. एक उंच, तांबड्या केसांचा फिरंगी मात्र थांबला. त्यानं दात पाहिलेच नाहीत. वळांवरून हळूच बोट फिरवलं, काहीतरी पुटपुटला आणि मला घेऊन गेला.

त्याचं नाव डॅनियल. सदाशिव पेठेतल्या लोकांनी त्याचा ‘दानेल’ केला आणि आमच्या मोतद्दारानं, म्हणजे माझी निगा राखणाऱ्या संभाजीनं, ‘दाणेलसायेब’. मला ते नाव आवडे. त्यात दाणा होता.

तो गोऱ्यांच्या पलटणीतून पळून आलेला शिपाई होता. विहिरीवर अंघोळीला बसला तेव्हा संभाजीनं पहिल्यांदा त्याची पाठ पाहिली आणि त्याच्या हातातला पोहरा निसटला.

“आरं द्येवा! सायेब, ही पाठ हाय का नांगरलेलं रान?”

“आमच्या पलटणीत अशी शेती फार,” दानेल म्हणाला. तेवढं मराठी त्याला तोवर आलं होतं.

तो राहत होता यज्ञेश्वरपंतांच्या घरी, म्हणजे घराच्या मागच्या अंगणात, माझ्या तबेल्याला लागून असलेल्या पडवीत. यज्ञेश्वरपंत पेशव्यांच्या दरबारच्या एका दफ्तरात कारकून. चाळिशी उलटलेली, अक्षर मोत्यासारखं, जीभ विळीसारखी. संगमावर राहणारे इंग्रज आपसात काय बोलतात ते कळलं पाहिजे, म्हणून वरून हुकूम आला की पंतांनी त्यांची भाषा शिकावी. हुकूम देणाऱ्यानंच दानेलला शिकवायला धाडलं. अशा रीतीनं पलटणीचा पळपुटा सदाशिव पेठेचा पंतोजी झाला.

धडा रोज अंगणात चाले. पंत ओसरीवर, दानेल तबेल्याच्या उंबऱ्यावर, मधे शिवाशिवीपुरतं अंतर. धडा संपला की पंत थेट विहिरीवर जात आणि इंग्रजी धुऊन टाकल्यासारखी अंघोळ करत.

“तुमच्या भाषेत ‘ळ’ नाही?” पंतांनी एकदा विचारलं. “मग बाळाला आणि केळ्याला काय म्हणता?”

“दुसरं काहीतरी म्हणतो.”

“म्हणावंच लागणार. इलाज काय!”

धडा नसला की दानेल माझ्यावर बसून गाव बघायला निघे. तांबटांच्या आळीत ठोके ऐकत उभा राही, पर्वतीच्या पायथ्याशी उतरून मला चरायला सोडी, हौदावर पाणी भरणाऱ्या बायकांना ‘याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात’ विचारून हैराण करी. बायका हसत आणि मुद्दाम चुकीचे शब्द सांगत. ते शब्द तो घरी येऊन मंदाकिनीबाईंसमोर, पंतांच्या पत्नीसमोर, वापरी. मग त्या पदर तोंडाला लावून आत पळत.

एके दिवशी असेच फिरताना गर्दी दिसली. गर्दीच्या मधे हत्ती होता आणि हत्तीच्या पायाला दोरानं बांधलेला एक माणूस. तो माणूस दगडधोंड्यांवरून फरफटत होता, अजून जिवंत होता, आणि लोक कडेवरच्या पोरांना उंच धरून दाखवत होते. शेवटी हत्तीनं पाय ठेवला. मडकं फुटावं तसा आवाज झाला. दानेल माझ्या मानेवर ओकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं धडा सुरूच केला नाही. पंतांनी ओळखलं.

“तुमच्याकडे गुन्हेगाराचं काय करतात?”

“झाडाला टांगतात.”

“म्हणजे तुमच्याकडे हत्ती नाहीत, एवढाच फरक.”

दानेल हसला नाही. त्यावर पंत जरा नरमले. म्हणाले, “असो. तुमची मातृभाषा तशी बरी आहे. लिहिता एक, वाचता एक, तरी बरी आहे.”

“ही माझी मातृभाषा नाही, पंत.” दानेल माझ्या आयाळीतलं गवत काढत म्हणाला. “माझ्या आईला हिच्यातला शब्द येत नव्हता. आमचा मुलूख वेगळा, बेट वेगळं. इंग्रज तिथं आधी आले, मग इथं. ही भाषा मला शाळेत छडीनं शिकवली आणि पलटणीत चाबकानं.”

त्या दिवशी पंत धड्यानंतर विहिरीवर गेले नाहीत.

मग ते इंग्रजांशी लढाईचं वर्ष आलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि गावात फराळाच्या वासाऐवजी दारूगोळ्याचा वास होता. फौजा गणेशखिंडीकडे निघाल्या. दुपारनंतर खडकीच्या बाजूनं तोफा सुरू झाल्या. माझ्या खुरांखालची जमीन कापत होती. संभाजी माडीवर चढून बघून आला आणि म्हणाला, “संगमावर धूर हाय. गोऱ्यांचे बंगले पेटवलेत.”

त्या धुराकडून माणसं परतली ती लूट घेऊन. एकाच्या हातात आरसा, एकाच्या खांद्यावर खुर्ची, आणि बहुतेकांच्या हातात नंग्या तलवारी. कुणीतरी त्यांना सांगितलं की एक गोरा सदाशिव पेठेत आहे.

दानेलनं माझ्या तबेल्यात कडब्याच्या ढिगाखाली अंग लोटलं. पंत दिंडी दरवाजात जाऊन उभे राहिले. अंगावर उपरणं, हातात काही नाही.

“गोरा काढ बाहेर!”

“इथं गोरं म्हणजे ताक आहे. हवं तर देतो.”

एकानं त्यांच्या तोंडावर तलवारीची मूठ हाणली. पंत पडले, उठले, पुन्हा दाराच्या दोन्ही फळ्या धरून उभे राहिले. दुसऱ्यानं सरळ वार केला. पंतांच्या उजव्या हाताची तीन बोटं दाराच्या फळीवर राहिली आणि हात खाली आला. ते ओरडले नाहीत. ओरडल्या त्या मंदाकिनीबाई. त्यांनी माडीच्या खिडकीतून कढत पाण्याचा हंडा जमावाच्या डोक्यावर उपडा केला. भाजलेली माणसं किंचाळत मागे सरली, एक जण डोळे धरून रस्त्यात लोळू लागला.

तरी एक भालेवाला आत घुसलाच. तो तबेल्यात आला आणि कडब्यात भाला खुपसू लागला. एकदा, पुन्हा एकदा. भाल्याचं टोक दानेलच्या अंगाजवळून जाताना मी पाहिलं. मी वळले आणि दोन्ही मागचे पाय झाडले. त्याच्या छातीच्या फासळ्या माझ्या खुरांखाली मोडल्या. तो भिंतीवर आपटला, तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला आणि तो तिथंच बसून राहिला, डोळे उघडे ठेवून. घोडीला पाप लागतं की नाही मला ठाऊक नाही. त्याचे डोळे अजून आठवतात.

जमाव पांगल्यावर दानेल बाहेर आला. त्यानं आपला सदरा फाडला आणि पंतांचा हात आवळून बांधला. रक्त दोघांच्याही अंगावर होतं. मंदाकिनीबाईंनी स्वयंपाकघरातला तांब्या आणला, आधी नवऱ्याला पाणी पाजलं आणि तोच तांब्या दानेलच्या हातात दिला.

“लिहिणार कसं आता?” दानेलनं विचारलं. तो रडत होता.

“डाव्यानं,” पंत म्हणाले. “तुम्ही शिकवा. नाहीतरी तुमची लिपी डाव्या हातानं काढल्यासारखीच दिसते.”

दिवाळी तशीच गेली. पणत्या लागल्या नाहीत. मग येरवड्याकडे पुन्हा तोफा झाल्या, श्रीमंत पेशवे गाव सोडून गेले आणि शहरावर इंग्रजांचं निशाण चढलं. पंतांनी दानेलला पळून जायला सांगितलं, पण वाटांवर पहारे बसले होते. तो पुन्हा कडब्यात लपला.

गोरे शिपाई घोडी आणि हत्यारं शोधत घरोघर फिरत होते. आमच्या अंगणात आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक जाडजूड सार्जंट होता. त्यांनी माझा दोर सोडला. संभाजी आडवा आला, तर त्याला भिंतीशी रेटून त्याच्या गळ्यावर संगीन टेकवली. कातडी फुटली, रक्ताची धार छातीवर उतरली. सरुबाई, त्याची बायको, सार्जंटच्या पायांवर पडली. त्यानं तिला बुटानं उडवलं.

तेव्हा पंत पुढे झाले. बांधलेला हात छातीशी धरून ते इंग्रजी बोलू लागले. घरात हत्यार नाही, दारूगोळा नाही, हा माणूस मोतद्दार आहे, त्याला सोडा.

सार्जंटचं तोंड उघडंच राहिलं. शेंडी ठेवलेला, सोवळ्यातला भटजी त्याच्या भाषेत बोलत होता! त्यानं हात वर केला. संगीन खाली आली. संभाजी गळा धरून मटकन बसला. सार्जंट हसलासुद्धा.

इथंच थांबायला हवं होतं. पण पंतांच्या जिवात जीव आला होता. ते आणखी एक वाक्य बोलले आणि दानेल नेहमी घेई ती देवमातेची शपथ त्यांनी त्याला जोडली: “बाय द होली मदर, सर!”

सार्जंटचं हसू गेलं. शब्द इंग्रजी होते, पण बोलण्याची चाल दानेलची होती, त्याच्या बेटाची, त्याच्या बराकीची. माझ्यासारख्या जनावरालाही ती कळत होती. सार्जंटनं पंतांचं उपरणं गळ्याशी पिळलं आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. कोणी शिकवलं?

पंतांना चूक कळली. त्यांनी तोंड मिटलं. सार्जंटनं त्यांच्या बांधलेल्या हातावर बंदुकीचा दस्ता मारला. पंत गुडघ्यावर आले. फडक्यातून रक्त झिरपू लागलं. त्यांनी तरी तोंड उघडलं नाही. सार्जंटनं पुन्हा दस्ता उचलला.

कडबा हलला. दानेल उठून उभा राहिला, केसांत काड्या, हात वर.

“मी शिकवलं,” तो म्हणाला.

त्यांनी त्याला तिथंच, माझ्या पायांशी, दस्त्यांनी इतकं मारलं की त्याचा चेहरा ओळखू येईना. मग आम्हा दोघांना एकाच दोरानं बांधून छावणीत नेलं.

सकाळी नदीकाठच्या तंबूत निवाडा झाला. त्याला वेळ लागला नाही. दानेलला वाळूत नेऊन उभं केलं, तेवढ्यात पंत आले. सोबत गळ्याला फडकं बांधलेला संभाजी होता. पंत निवाडा देणाऱ्या साहेबासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. येत होतं तेवढं सगळं इंग्रजी त्यांनी त्या दिवशी खर्च केलं. साहेब ऐकत होता, पण मागचे शिपाई त्यांच्या बोलण्याची चाल ऐकून एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होते. पंतांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“पंत,” दानेलनं मराठीत हाक मारली. ओठ सुजले होते, शब्द जड येत होते. “पुरे आता. घरी जा. वहिनी वाट बघत असतील.”

बंदुका वाजल्या. मी दोराला हिसडे दिले, तोंड फाटलं, पण खुंटा निघाला नाही. दानेल बसल्यासारखा खाली आला आणि मग कुशीवर वळला. वाळूनं रक्त लगेच पिऊन टाकलं.

धूर विरल्यावर साहेबानं पंतांना जवळ बोलावलं. दुभाष्याकरवी सांगितलं की दोन्ही भाषा येणारा माणूस आता या शहराला लागणार आहे, उद्यापासून छावणीत कामाला ये.

“मला इंग्रजी येत नाही,” पंत मराठीत म्हणाले.

दुभाषी गडबडला. “अहो, आत्ता तर बोलत होता!”

“आत्तापर्यंत येत होतं. आता येत नाही.”

एका शिपायानं त्यांना धक्का देऊन वाळूत पाडलं. संभाजीनं त्यांना उठवलं. जाताना पंतांनी माझ्या कपाळावर डावा हात ठेवला. मला काही गोऱ्यांनी परत दिलं नाही.

पुढची वर्षं मी पलटणीचं ओझं वाहिलं. तोफांच्या गोळ्यांच्या पेट्या, तंबू, जखमी. अशाच एका घाटात पाय गेला, एका फटक्यानं डोळा गेला, आणि निकामी म्हणून मला सोडून दिलं. मी वाटेवर भटकत होते; संभाजीनं मला ओळखलं ते आवाजावरून. तो आता बिबवेवाडीला आपल्या भावाच्या शेतात राहतो. तिथंच मी असते.

पंत अधूनमधून येतात. शहरात आता ज्याला त्याला इंग्रजी हवं आहे. लोक त्यांच्याकडे मुलांना घेऊन येतात, आणि पंत सगळ्यांना तेच एक उत्तर देतात. परवा ते इथं बांधावर बसले होते. संभाजी माझी चिघळलेली जखम धूत होता. धुता धुता त्यानं विचारलं,

“पंत, त्या दिशी त्या सायबाफुडं तुमी एकच सबूद सारखा म्हनत हुता. पलीज, पलीज. त्यो काय हाय?”

पंत आपल्या उजव्या हाताकडे, त्याच्या उरलेल्या दोन बोटांकडे बघत राहिले.

“काही नाही रे,” ते म्हणाले. “आपण हात जोडतो ना, तसं असतं ते.”

बाबांनो, माझे आता थोडेच दिवस राहिले आहेत. मी मेले की माझं कातडं सोलू नका, चाबूक करायला तर मुळीच देऊ नका. इथंच बांधाखाली मला पुरा. आणि कधी नदीकडे गेलात, तर त्या वाळूवरून जरा जपून चाला. तिथं दगड नाही, नाव नाही, पण एक माणूस आहे. येते मी.