एलोदीला विचारायचा प्रश्न

“थांब, मांगं घे. भाजीवाली काय म्हनली?” गोजराबाईंनी मोबाइल लेकीपुढे धरला.

पडद्यावर फ्रान्समधला बाजार भरला होता. जाड कोटातली बाई गाजरं तोलत भाव सांगत होती. चार महिन्यांपासून मळ्यातून आल्या की गोजराबाई असलेच व्हिडिओ लावत. बाजार, बेकरी, सणाचा स्वयंपाक. ऐकलेलं फ्रेंच मोठ्यानं घोकत. शेलूबाजारात त्यांच्या शेजारी भाजी मांडणारी वच्छला चिडवायची, “काहून वं, वांगे आता इमानानं फ्रान्सले धाडतं का?”

“माय, मी इंग्रजीत इचारीन न् एलोदीले,” साधना म्हणाली.

“तू एकडाव म्हने वरण-भात, एकडाव म्हने खिचडी. माह्या लेकानं अखेरचं काय खाल्लं, मले तिच्या तोंडून आयकाचं हाय.”

साधनानं व्हिडिओ मागं घेतला. तिचा धाकटा भाऊ गजेंद्र तिकडे फ्रान्समध्ये पोटाच्या कॅन्सरनं गेला. मायला सांगू नको, अशी शपथ त्यानं घातली होती. म्हणून तिनं सांगितलं, रात्री पोटभर जेवला, झोपला, सकाळी उठलाच नाही.

रविवारी एलोदीचा, गजेंद्रच्या बायकोचा, व्हिडिओ कॉल आला. साधनानं हात पुढे केला. गोजराबाईंनी तो बाजूला सारला. पदर सावरला आणि एकेक शब्द जपून ठेवत फ्रेंचमध्ये विचारलं, गजेंद्रनं शेवटी काय खाल्लं?

एलोदीनं साधनाकडे पाहिलं. साधनाला मान हलवता आली नाही. हो म्हणायलाही नाही, नको म्हणायलाही नाही.

मग एलोदी सावकाश बोलत गेली. त्यातले पुष्कळ शब्द गोजराबाईंच्या व्हिडिओंत कधी आलेच नव्हते. पण ‘काही नाही’ त्यांना कळलं. ‘पाणी’ कळलं. आकडे तर व्हिडिओतल्या बाजारानं पक्के करून घेतले होते. वीस दिवस.

“मेर्सी,” त्यांनी तिच्याच भाषेत आभार मानले. एलोदी रडू लागली, तशा मराठीत म्हणाल्या, “रडू नोको, बाई.” आणि फोन बंद केला.

“माय, त्यानं शपथ घातली व्हती...”

“मेथी काढून ठेवली हाय. जुड्या बांधाच्या हायत.”

दोघी ओट्यावर बसल्या. साधना जुडी बांधून टोपलीत ठेवायची. गोजराबाई ती उचलायच्या, सुतळी सोडायच्या, पानं फाकवून आत पाहायच्या आणि पुन्हा बांधायच्या. आत एकही पान पिवळं नव्हतं. तरी पुढची जुडी त्यांनी तशीच उघडली.