खांबापाशी उभं राहायचं

दादाला कार्यक्रमाला नेताना मी एकच अट घातली होती: खांबापाशी उभं राहायचं, पुढे जायचं नाही. तो "बरं" म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दादा रंगारी आहे. मागच्या वर्षी परांचीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, आणि तेव्हापासून तो माझ्याकडेच राहतो. मी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जिना उतरताना त्याचा दंड धरते, तो आंघोळीला गेला की दाराबाहेर उभी राहते, टेबलाच्या कोपऱ्यांनासुद्धा फडकी बांधून टाकलीत. मी शाळेची बस चालवते. माणसांना जागेवर बसवून ठेवणं हा माझा धंदाच आहे. डॉक्टर केव्हाच म्हणाले, हाड जुळलंय, कामाला लागा. दादा काही लागला नाही. दिवसभर खिडकीशी बसायचा. एकदा म्हणाला, माझे ब्रश कुणाला तरी देऊन टाक. तेव्हा मात्र मी घाबरले आणि आमच्या लाडक्या बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली.

हा बँड आम्ही दोघं विशीपासून ऐकतोय. पंकही वाजवतात आणि स्काही. पंक म्हणजे भांडण: दोन-तीन सूर, जोरात, आणि कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. स्का म्हणजे त्याच भांडणात कुणाला तरी हसू फुटतं. गिटार तालाच्या मधल्या फटीत चक्-चक् करत राहते आणि वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही फुंकायची पितळी वाद्यं. हे काही उभं राहून ऐकायचं संगीत नव्हे. तरी मी दादाला उभं केलं.

जुनं गोदाम होतं. पत्र्याचं छत, चिकट फरशी. पहिली काही गाणी दादा शहाण्यासारखा खांबाला टेकून होता. मग ट्रॉम्बोनवाली पुढे आली, तिने एक लांबलचक सूर ओढला आणि सगळं गोदाम गुडघे उचलून नाचायला लागलं. खोटं कशाला बोलू, मीही चार उड्या मारल्या. मागे वळून बघते तर खांबापाशी कोणी नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

मंचासमोर लोकांनी गोल मोकळा केला होता आणि त्यात सगळे एकमेकांना धडका देत फिरत होते. मधोमध दादाचं टक्कल चमकत होतं. किंचित लंगडत, पण तालात. आणि एकदम ते टक्कल खाली गेलं.

कोपरं मारत मी घुसले.

त्या गोलाचा एक नियम आहे. कोणी खाली गेला की आधी उचलायचा, विचारायचं नंतर. मी पोचले तेव्हा चौघांनी दादाला काखांत हात घालून उचललं होतं, पाय अधांतरी, आणि तो ओरडत होता, "अरे, पडलो नाही! बुटाची लेस बांधतोय!" त्यांनी खाली ठेवला. तो परत वाकला. दुसऱ्या चौघांनी परत उचलला, त्यांना काय माहीत? शेवटी डोकं भादरलेली एक मुलगी हात पसरून गर्दीकडे पाठ करून उभी राहिली, आणि तिच्या आडोशात दादाने लेस बांधली. बांधून होताच त्याच्या पाठीवर थाप मारून ती निघूनही गेली.

मी त्याचा दंड धरला.

"चल. बास झालं."

"सोड."

"आणि परत पडलास तर?"

"पडेन."

"पडेन काय पडेन! हाड काय तुझ्या बापाचं आहे?" मी ओरडले, आणि मग लक्षात आलं की बाप दोघांचा एकच.

तो हसला नाही. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "अगं, हे लोक बघ. उचलतात आणि सोडून देतात. तू मला वर्षभर उचलूनच धरलंयस. खाली ठेवतच नाहीस."

मला भयंकर राग आला. केलं सवरलं सगळं मातीत! त्या रागातच मी हात सोडला, समजूतदारपणा वगैरे काही नव्हता त्यात. तो गोलात शिरला.

पुढचं गाणं पंक होतं, सुसाट. अर्ध्यावर हिरव्या शर्टाच्या एका जाड्या माणसाची धडक बसली आणि दादा पडला. या वेळी खरोखर, सपशेल उताणा. मी अगदी जवळ होते. माझे हात आपोआप पुढे गेले, ते मी काखेत दाबून धरले. तेवढ्यात तिघा-चौघांनी त्याला उभा केला. हिरव्या शर्टाने काहीतरी विचारलं, दादाने अंगठा दाखवला, आणि त्यांनी त्याला सोडलं.

घरी खुर्चीतून उठतानाही दादा आधी माझ्याकडे बघतो. तिथे उठला तेव्हा त्याने बघितलंच नाही. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.