बिब्ब्याचं अवधान

"हात हलवू नको रं बदऱ्या, डोळ्यात उडंल," मनकर्णाबाई म्हणाली आणि सुईला टोचलेला बिब्बा तिनं दिव्याच्या ज्योतीवर धरला. बिब्बा चरचरला, काळं तेल सुटलं. ते काडीनं उचलून तिनं बद्रीनाथच्या दंडावर ठिपका दिला. मागं बोर्डिंगातली सगळी पोरं बाह्या वर करून उभी. कॉलेजात शिकणारी, इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरं, अन् स्वयंपाकघरात अशी रांग लावून उभी.

झालं होतं असं, की औरंगाबादेत उंदीर मरून पडायला लागले. निजामाचं निम्मं शहर पडेगावच्या माळावर खोपटी घालून राहायला गेलं. उस्मानपुऱ्यातलं हे बोर्डिंग तेवढं हललं नाही, कारण परीक्षा तोंडावर. मग बोर्डिंगाचे आप्पासाहेब म्हणाले, दवाखान्यात जा, प्लेगची लस टोचून या. उद्या दंड बघणार. ज्याचा सुजला नाही, त्यानं ट्रंक उचलायची आणि गावाचा रस्ता धरायचा. परीक्षा बुडाली तर बुडाली.

आता टोचून घ्यायला काय धाड भरली होती? तर मनकर्णाबाईचा ताप आडवा आला.

स्वयंपाकीण म्हणून पहिली सुई तिला दिली होती, कमरोद्दीन कंपाउंडरनं. बाई अंगानं धिप्पाड. पण ताप चढला तशी धान्याच्या खोलीत आडवी झाली आणि कण्हायला लागली. "आई गं, मेले गं, मला बिडकीनला नेऊन टाका गं." खरं सांगायचं तर ताप होता तेवढाच होता, कण्हणं त्याच्या दुप्पट. नवरा गेल्यावर बिडकीनहून आली ती थेट चुलीपुढं. बाई, तुला काय होतंय, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आता अख्खं बोर्डिंग दाराशी येऊन विचारत होतं. बाईला बरं वाटलं. ती आणखी कण्हली.

त्यानं पोरं घाबरली. बन्सी नावाचा टवाळ पोरगा तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा, पण म्हणायचा, "मावशीसारखा डोंगर खचला, मग आपलं काय? सुईनं पाठ केलेलं सगळं उडतं म्हणत्यात." बिब्बा उतला की दंड सुजतो, सुई टोचल्यासारखाच, ही शक्कल मात्र बद्रीनाथची. तो मनकर्णाबाईच्या गावचा, पोटच्या पोरासारखा.

"आरं, मला लई नव्हतं झालं," ती बिब्बा फिरवता फिरवता म्हणाली.

"मग कण्हत कशाला व्हतीस?" बद्रीनाथनं विचारलं.

बाईनं मान खाली घातली आणि पुढच्याच्या दंडाला ठिपका दिला.

पोरं दवाखान्याऐवजी पाणचक्कीवर जाऊन बसली. सकाळी दंड टरारून फुगलेले. आप्पासाहेबांनी बघितले आणि शाबासकी दिली.

चार-सहा दिवसांनी बद्रीनाथला ताप भरला. काखेत गाठ आली.

"बिब्बा उतला," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याचं अवधान आलंय. जखम दंडाला, गाठ काखंत. येतीच." गावाकडं पायाला काटा लागला तरी जांघेत अवधान येतं, हे तिनं जन्मभर बघितलेलं. तिनं खोबरं वाटून दंडाला लावलं, काखेला वीट गरम करून शेक दिला. पोरगा कण्हला नाही. आप्पासाहेबांना कळलं तर सगळ्यांच्या ट्रंका बाहेर जातील, म्हणून चादरीचा बोळा दातात धरून पडला. तिला वाटलं, कण्हत नाही म्हणजे उतार आहे.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा ती स्वतः पळत जाऊन कमरोद्दीनला घेऊन आली. त्यानं काखेला नुसतं बोट लावलं.

"बाई, ये बिब्बे का अवधान नहीं है," तो म्हणाला. मग दंडाकडं बघितलं, बाकीच्या पोरांच्या दंडांकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

बद्रीनाथ संध्याकाळी गेला. बिडकीनहून त्याचा बाप बैलगाडी घेऊन आला, तोवर त्याची गादी आणि कपडे जाळून झाले होते.

मग कमरोद्दीननं बोर्डिंगातच सुया टोचल्या. कुणी हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या दुपारी सगळ्या खाटांवरून कण्हणं उठलं. मनकर्णाबाई ओल्या फडक्यांची पातेली घेऊन फिरत होती.

"मावशी, मेलो गं," बन्सी म्हणाला. या खेपेला ती नक्कल नव्हती.

"कण्ह बाबा. मोठ्यानं कण्ह."

"तुला बी असंच झालं व्हतं का गं?"

तिनं फडकं पिळलं, त्याच्या कपाळावर ठेवलं.

"नाय रं," ती म्हणाली. "मला एवढं नव्हतं झालं."

बन्सी तापात होता, त्याला ऐकू गेलं का नाही कुणास ठाऊक. मनकर्णाबाई शेजारच्या खाटेवर टेकली. त्या खाटेला गादी नव्हती, नुसत्या लाकडी पट्ट्या होत्या. त्या तिच्या वजनानं करकरल्या. ती तिथंच बसून पोरांचं कण्हणं ऐकत राहिली.